रिकामा उतरणारा घोडा

"वहिनी, खाली काही न्यायचंय का? रिकामाच चाललोय."

आमच्या आळीत माल आणणारे घोडेवाले चाचा दर दोन-चार दिवसांनी फाटकाशी थांबून हे विचारतात. सकाळी दस्तुरीवरून तांदळाचं पोतं, तेलाचे डबे, गॅसची टाकी, कुणाच्या बांधकामाची सिमेंटची गोणी असं लादून वर येतात. माल उतरवतात, घोड्याला पाणी दाखवतात आणि मोकळी पाठ घेऊन परत दस्तुरीची वाट धरतात. मी वर्षानुवर्षं त्यांना "नाही हो चाचा, काही नाही" एवढंच सांगत आले. मागच्या ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर घरातलं सामान उन्हात काढलं, तेव्हा अंगणात पाय टाकायला जागा राहिली नाही. त्या दिवशी चाचांचा प्रश्न मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.

भरून चढलेला घोडा रिकामा उतरतो, तर चढलेला माल गेला कुठे? खाल्ला, जाळला, घरात साठला, नाहीतर दरीत गेला. पाचवी जागा माथेरानात नाही.

खाली राहणाऱ्यांना हे समजायला थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे मोटारीची हद्द दस्तुरी नाक्याला संपते. तिथून बाजारापर्यंतची दोन-अडीच किलोमीटरची लाल वाट प्रत्येक वस्तू घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर, माणसाच्या डोक्यावर किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या शटलच्या डब्यातून चढते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढले आणि त्यांच्यामागून बंगले आले. पायथ्याच्या नेरळहून छोटी गाडी सुरू झाली ती १९०७ साली. मधली सत्तावन्न वर्षं बंगल्यांतलं प्रत्येक कपाट, प्रत्येक लोखंडी पलंग, प्रत्येक आरसा माणसांनी आणि जनावरांनी वाहून वर नेला. जुन्या बंगल्यांत तुम्ही सागवानी टेबलावर हात फिरवता, तेव्हा ते कुणाच्या तरी खांद्यावरून तिथवर आलेलं असतं हे विसरू नका.

म्हणून माथेरानात वस्तूला दोन किमती असतात. एक दुकानातली, दुसरी चढणीची. दोन्ही आम्हाला तोंडपाठ असतात. पाच किलो साखर वर किती रुपयांना पडते हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. तिसरी किंमत मात्र आम्ही कधी मोजली नाही. ती उतरणीची.

घर आवरण्याचे सल्ले हल्ली ढिगाने मिळतात. कपडे घड्या करून उभे लावा, बरण्यांवर चिठ्ठ्या डकवा, एकसारखे डबे घ्या. पसारा आवरायला आधी डबे विकत घ्यायचे हा यांतला सगळ्यात वाईट सल्ला. माथेरानात तो आणखी वाईट, कारण डब्यांबरोबर पुठ्ठा, थर्माकोल आणि फुगे असलेला प्लॅस्टिकचा कागदही चढतो. डबे घरात राहतात. बाकीचं कुठे जातं ते पॉइंटांच्या कठड्यावरून खाली वाकून बघा.

जपानच्या मारी कोंडो यांनी सगळ्या जगाला एक प्रश्न शिकवला. वस्तू हातात घ्यायची आणि तिने मन उजळतं का, हे विचारायचं. त्याच बाईंनी तीन मुलं झाल्यावर, २०२३ साली, घर टापटीप ठेवण्याचा आपला आग्रह बराच सुटल्याचं मोकळेपणी सांगितलं. त्यासाठी मला त्यांचा आदर वाटतो. पण त्यांचा प्रश्न आमच्या डोंगरावर चालत नाही. ठिगळं लावलेल्या ताडपत्रीने कुणाचं मन उजळतं? जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेचा वारा कौलं उचलायला लागतो, तेव्हा तीच ताडपत्री घर वाचवते.

इथे मला सासूबाईंची बाजू घ्यायची आहे. "राहू दे, लागेल कधीतरी," हे त्यांचं वाक्य. शहरात त्या वाक्यावर हसतात. माथेरानात त्याला अर्थ आहे. एक खिळा कमी पडला तर खाली उतरावं लागतं. तार, पत्र्याचा तुकडा, सुंभ, जुनी कडी, अर्धा डबा डांबर, यांतलं काय कुठल्या रात्री लागेल याचा नेम नसतो. धुवांधार पावसात नेरळचा घाट बंद पडला की घरात आहे तेवढ्यावरच भागवायचं. ज्या घरात असा साठा नाही, ते घर माथेरानात राहायला नवखं समजावं.

पण साठा एकाचा असावा. सासूबाईंच्या माळ्यावर मला सात मोडक्या छत्र्या सापडल्या. काड्या वापरायच्या म्हणून एक ठेवली असती तर पटलं असतं. सात छत्र्या ठेवण्यामागे विचार नसतो. त्या खाली नेण्याचा कंटाळा असतो, आणि त्या कंटाळ्याला आपण काटकसर म्हणतो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी सहा छत्र्या स्वतःच बांधून फाटकाशी नेऊन ठेवल्या.

आता वर्षाचं बोलू. घर वर्षातून एकदा दिवाळीला आवरायचं ही पद्धत आमच्या डोंगराला पुरत नाही. इथे पावसाळाच घराची तपासणी करतो.

मे संपत आला की बेगमी सुरू होते. तांदूळ, डाळ, मीठ, मसाला, लाकूडफाटा, घोडा असेल त्याच्या दावणीसाठी गवत आणि भुसा. हे सगळं घरात घ्यायचं तर आधी जागा हवी. म्हणून पहिली आवराआवर मेच्या शेवटच्या आठवड्यात करावी, घोड्यांचे फेरे चालू आहेत आणि वाट कोरडी आहे तोवर. जूनमध्ये निसरड्या वाटेवर जुनं कपाट उतरवायला सांगणं हा माणसावर आणि जनावरावर अन्याय आहे.

मग गुंडाळागुंडाळ. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढायची. गाद्यांच्या वळकट्या करून खाटेवर मधोमध रचायच्या आणि मेणकापडात बांधायच्या. रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे दाखले पत्र्याच्या डब्यात घालून डबा उंच टांगायचा. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून ताडपत्री. माझी यातली सूचना एकच आहे. मेणकापडाचा तुकडा आधी ठरवा, सामान नंतर. दरवर्षी आपण सामान बघून नवं मेणकापड आणतो. ते थांबवा. कापडात मावेल तेवढंच चार महिने सांभाळायचं, उरलेलं घोड्यावर चढवून खाली.

पावसात काय होतं ते इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मिठाला पाणी सुटतं. काडेपेटी पेटत नाही. चामड्याची चप्पल चार दिवस घातली नाही की तिच्यावर पांढरट हिरवी बुरशी फुलते. मुलांचे शाळेचे कपडे शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवायचे आणि अंगाला धुराचा वास घेऊन त्यांनी शाळेत जायचं. अशा घरात जास्तीचा प्रत्येक कपडा बुरशीचं खाद्य असतो. कपाट ठासून भरलेलं असेल तर आत हवा फिरत नाही, आणि मग एका साडीची बुरशी दहा साड्यांना लागते. डांबर गोळ्या टाकून हे थांबत नाही. निम्मं कपाट रिकामं ठेवून थांबतं. माझ्या लग्नातल्या दोन साड्या मी अशाच घालवल्या, म्हणून हे इतक्या जोराने सांगते आहे.

ऑक्टोबरचं ऊन ही दुसरी आणि खरी तपासणी. पाऊस थांबला, जांभ्याच्या अंगणातली शेवाळ सुकली की सगळं घर बाहेर काढायचं. गाद्या, गोधड्या, ट्रंका, पुस्तकं. हे काम सगळे करतात. त्याच दिवशी करायचं दुसरं काम कुणी करत नाही. ज्या वस्तूला चार महिने बुरशी खात होती आणि घरातल्या एकाही माणसाला पत्ता नव्हता, ती वस्तू त्या घराची राहिलेली नसते. ती झटकून, पुसून, ऊन देऊन परत आत नेऊ नका. सूर्य मावळायच्या आत अंगणातल्या अंगणात दोन ढीग व्हायला हवेत, एक घरात जाणारा आणि दुसरा दस्तुरीला जाणारा.

दिवाळीला आपण नवी केरसुणी आणतो आणि लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतो. त्याच रात्री सूप वाजवत घरातली अलक्ष्मी बाहेर काढायची जुनी रीत आहे. फार समजूतदार रीत. पण बाहेर म्हणजे कुठे, हे माथेरानात विचारायलाच हवं. सपाटीवरच्या गावात केर वेशीबाहेर जातो. आमची वेस म्हणजे कडा. कड्यावरून टाकलेलं पूर्वेकडे गेलं तर पावसाच्या पाण्याबरोबर उल्हास नदीच्या खोऱ्यात पोचतं, पश्चिमेला गेलं तर गाढी नदीकडे, पनवेलच्या बाजूला. खाली ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. त्यांच्या ओढ्यात आपली अलक्ष्मी सोडून आपण वर दिवे लावतो. दोर बांधून दरीत उतरून प्लॅस्टिक वेचणारी पोरं याच गावची आहेत. त्यांनी वर आणलेली पोती एकदा जाऊन बघा. त्यात पर्यटकांच्या बाटल्या असतात हे खरं, पण गादीचा फोम आणि मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची पर्यटक पाठीवर घेऊन येत नाही.

बाकीचं वर्ष सोपं आहे. नवरात्राआधी अंथरूण-पांघरूण, संक्रांतीच्या थंडीत स्वयंपाकघर, होळीच्या सुमाराला माळा. होळीत लाकूडच जाळा, प्लायवूड आणि रंगवलेली फळी टाकू नका. स्वयंपाकघराबद्दल तर माथेरानकरांना शिकवायची गरज नाही. ओट्यावर काही उघडं राहिलं की माकडं ते नेतात, म्हणून इथे प्रत्येक डब्याला घट्ट झाकण आणि प्रत्येक खिडकीला जाळी असते.

तरीही मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते घरात करायचं काम नाहीच. ते दस्तुरीला करायचं आहे. एखादी वस्तू घोड्यावर लादण्याआधी तिथेच विचारा, उतरताना हिला कोण घेईल?

कापसाची गादी घ्या. ती जुनी झाली की पिंजारी कापूस पिंजून देतो आणि गादी पुन्हा उभी राहते. अशी गादी दोन पिढ्या चालते. फोमची गादी एकदा पाण्याने भिजली की संपली, आणि ती भंगारवालाही घेत नाही. लोखंडी कपाट गंजलं तरी नेरळला वजनावर जातं. भुशाच्या फळ्यांचं कपाट माथेरानचा एक पावसाळा पाहतं, दुसऱ्यात फुगतं, तिसऱ्यात त्याच्या बिजागऱ्या सुटतात, आणि मग ते ना घरात ठेवता येतं ना कुणाला देता येतं. पितळेचं भांडं, तांब्याची तार, रद्दी, बाटल्या, यांना खाली गिऱ्हाईक आहे. थर्माकोल, तुटकी बादली, प्लॅस्टिकची फुलं, यांना नाही. ज्याला खाली गिऱ्हाईक नाही ते वर आणायचंच नाही. घर आवरण्याचा याहून मोठा नियम मला सापडलेला नाही, आणि तो आपल्या पणज्यांना ठाऊक होता, कारण त्यांच्या घरात उतरताना कुणी घेणार नाही अशी वस्तूच नव्हती.

ओल्या कचऱ्याचं काही अंशी इथेच भागतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण तंत्रावर माथेरानात बायोगॅसचा प्रकल्प उभा राहिला तो त्यासाठीच. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीही ओलं, सुकं आणि घरगुती घातक असं वेगळं करायला सांगितलं होतं. पण कपाट कुठल्या टाकीत कुजणार? जुने विजेरीचे सेल, फुटलेल्या नळ्या, बिघडलेलं इन्व्हर्टर यांना उतरण्यावाचून गती नाही. भारत सरकारने २००३ साली हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. तो कागद आमच्या माळ्यावरच्या पसाऱ्यालाही लागू आहे, असं मी मानते.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. अडगळ काढली की लोक म्हणतात, खालच्या वाडीवर देऊन टाकू. काय देता? चेन तुटलेली पिशवी, एकच बूट, अंगाला न लागणारा नायलॉनचा शर्ट, अर्ध्या पानांची वही. कर्जत तालुक्यातल्या वाड्यांवर मुंबई-पुण्याहून असे कपडे गठ्ठ्यांनी येताना मी पाहिलेत. वाडीवरच्या बाया त्यातलं दहातलं एक उचलतात. उरलेलं पेटवायचं की पुरायचं हा प्रश्न त्यांच्या अंगणात राहतो. ज्या बाईच्या झोपडीत जास्तीची एक वस्तू नाही, तिच्या दारात आपण आपली अडगळ ठेवून आलो आणि घरी येऊन हलकं वाटलं म्हणालो. हे दान नव्हे. द्यायचं असेल तर धुवून, बटणं लावून, इस्त्री करून द्या. आणि देण्याआधी तिला विचारा, हवंय का? ती नाही म्हणाली तर तो कपडा तुमचा आहे. पायपुसणं करा.

स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन या लेखिकेने २०१७ साली म्हाताऱ्या माणसांसाठी एक पुस्तक लिहिलं. आपण गेल्यावर मुलांवर ओझं पडू नये म्हणून आपणच आपलं सामान कमी करत जावं, असं त्या सांगतात. मला ते वाचून आमच्याकडचे बंद बंगले आठवले. मालक गेले, वारस मुंबईला किंवा परदेशात. आत पलंगांवर चादरी टाकलेल्या, कपाटांना कुलपं, भिंतींवर ओल चढत चाललेली. रखवालदार दर पावसाळ्यात छपराला कागद टाकतो. कुणासाठी? त्या कपाटांत काय आहे हे वारसांनाही सांगता येणार नाही. वारसांना माझी विनंती आहे. एका मे महिन्यात आठ दिवस काढून या. जे प्रिय असेल ते न्या, जे चांगलं असेल ते गावातल्या माणसांना मोबदल्यावर किंवा प्रेमाने द्या. सागवान कुजू देणं पाप आहे. कुणीतरी ते पाठीवर आणलं होतं.

आता चढण सोपी होते आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढत नेणं थांबतंय याचा मला मनापासून आनंद आहे. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या छात्या मी जवळून पाहिल्यात. पण चढण सोपी झाली की वस्तूही सोप्या होतील. आजवर आमच्या घरांना चढणीच्या मजुरीनेच आवर घातला होता. फ्रीज बदलायचा म्हटलं की चार माणसांचे खांदे डोळ्यांपुढे यायचे आणि जुन्याच फ्रीजला गॅस भरून घेतला जायचा. तो धाक गेला तर दुसरा धाक आपणच घालून घ्यावा लागेल. २०११ च्या जनगणनेत पाच हजारही न भरलेलं हे गाव आहे. शहराएवढा पसारा साठवायला इथे शहराएवढी जमीन नाही.

ऑक्टोबरात मी चाचांना थांबवलं. तीन फेऱ्या झाल्या. फुगलेलं कपाट, सहा छत्र्या, दोन फोमच्या गाद्या, डब्यांचा डोंगर, वायरी, तीन मोडके पंखे. पंखे, वायरी आणि छत्र्यांच्या काड्या नेरळच्या भंगारवाल्याने घेतल्या. कपाट आणि गाद्या त्याने घेतल्या नाहीत. त्या खाली नीट ठिकाणी लावायला मला आणखी दोन दिवस आणि वेगळे पैसे लागले. ते पैसे मी गाद्या वर आणल्या त्या दिवशीच द्यायला हवे होते.

मजुरी विचारली तर चाचा म्हणाले, "रिकामाच जातो नाहीतरी, द्या काय द्यायचं ते." ते ऐकू नका. उतरणीला घोड्याच्या गुडघ्यांवर ताण येतो, आणि लादलेला घोडा सांभाळत उतरवणं हे कसबाचं काम आहे. चढायची जी मजुरी देता तीच उतरायची द्या, ओझं बेताचं ठेवा, आणि वर्षातून निदान दोनदा, मेअखेर आणि ऑक्टोबरात, तुमच्या फाटकावरून घोडा रिकामा जाऊ देऊ नका.